वाणी: उकिरड्यातली आणि तासातली

मिरगाचा पाऊस झाला की न्हाणीच्या दगडाखालून, उकिरड्यातून वाणी बाहेर पडते. काडी लावली की वेटोळं करून गोल होते, म्हणून काही भागांत तिला ‘पैसा’ म्हणतात.

आधी भीती काढू. वाणी म्हणजे घोण नव्हे. घोण चपटी, चपळ आणि चावरी. तिच्या पेरापेराला पायांची एकच जोडी. वाणी गोल, संथ. तिच्या बहुतेक पेरांना दोन-दोन जोड्या, आणि ती डसत नाही. पुस्तकात तिला सहस्रपाद म्हणतात, पण आपल्या वाणीला हजार पाय नसतात. खरोखर हजाराच्या वर पाय असलेली जात 2021 साली ऑस्ट्रेलियातून जाहीर झाली. ती 60 मीटर खोल जमिनीत सापडली, दोऱ्यासारखी बारीक, पाय 1,306!

वाणीचं घर म्हणजे अंधार, ओल आणि कुजका पाला. तिच्या अंगात ओल टिकत नाही, उन्हात ती वाळते, म्हणून तिचा संचार रात्री. पाला खाऊन ती त्याचा भुगा करते, माती कसदार होते. खताच्या खड्ड्यात दिसली तर राहू द्या, तिथं ती आपलंच काम करते.

दुखणं सुरू होतं ते पेरणीनंतर पावसानं उघडीप दिली की. विदर्भ-मराठवाड्यात कपाशी, सोयाबीनच्या तासात ती उगवतं बी पोखरते, कोवळं रोप जमिनीलगत कुरतडते. नांग्या भरायला पुन्हा बियाणं, पुन्हा आपलीच कंबर. बियाण्याला गटातून कर्ज काढलेलं असेल तर विचारूच नका.

अशा वेळी फवाऱ्याकडे धावण्याआधी तिची खोड वापरा. संध्याकाळी शेतात जागोजागी ओल्या गवताचे लहान ढीग ठेवा. रात्री चरून वाण्या त्याखाली दडतात. ऊन चढायच्या आत ढीग उचला, वाण्या गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. चार जणी मिळून गेलात तर काम लवकर उरकतं. बांधावरचा आणि तासातला काडीकचरा पेरणीआधीच वेचून खड्ड्यात टाकलेला बरा. चांगला पाऊस झाला की त्रास आपोआप कमी होतो.

वेचताना हातात पिशवी घाला. घाबरली की ती अंगातून रस सोडते. त्यानं बोटं तपकिरी होतात, डोळ्यात गेला तर आग होते. लेकरं सोबत असतील तर त्यांचेही हात साबणानं धुवा, मगच भाकरी सोडा.