पैसे मागितले की उठून यायचे

नोकरीविषयी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न ठरलेला असतो : ‘शिक्षण झाले, नोकरी शोधायला सुरुवात कुठून करावी?’ पत्राच्या तळाशी, जरा बिचकत, दुसराही असतो : ‘एक ओळखीचे गृहस्थ लावून देतो म्हणतात, पैसे मागतात. द्यावेत का?’ पहिल्या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. दुसऱ्याचे एकच. देऊ नयेत. म्हणून आज आधी दुसरा प्रश्न.

२०२२ सालची गोष्ट. तामिळनाडूतले २८ तरुण, त्यांतले बरेचसे अभियांत्रिकी किंवा तांत्रिक शिक्षण घेतलेले, रेल्वेत तिकीट तपासनीस, कारकून अशा जागांवर निवड झाली या समजुतीने दिल्लीला आले. वैद्यकीय तपासणी झाली, कागदपत्रे पाहिली गेली. मग महिनाभर नवी दिल्ली स्थानकाच्या फलाटांवर रोज आठ तास उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या व त्यांचे डबे मोजायचे, हे त्यांचे प्रशिक्षण. प्रत्येकाने दोन लाखांपासून चोवीस लाखांपर्यंत पैसे दिले होते. सगळे मिळून २ कोटी ६७ लाख. नेमणूक कुठेच नव्हती. या मुलांना फसवणाऱ्या टोळीपर्यंत नेणारे गृहस्थ निवृत्त सैनिक होते. त्यांना मदतच करायची होती, आणि अखेर पोलिसांत तक्रारही त्यांनीच दिली.

हे शेवटचे वाक्य नीट ऐका. ‘तो आपल्याच गावचा आहे, फसवणार नाही’ असे आईवडील म्हणतात. तो फसवत नसेलही, पण त्याला कोणी फसवले आहे का, हे कोण पाहणार?

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ गटाच्या आणि ‘ब’ गटातल्या अराजपत्रित पदांच्या भरतीतून मुलाखतच काढून टाकली. रेल्वेतले तिकीट तपासनीस आणि कारकून याच ‘क’ गटात येतात. परीक्षा, गुणवत्ता यादी, कागदपत्र पडताळणी, संपले. मुलाखतच नसताना कोणते साहेब कोणाला आत घेणार? तरीही दर भरतीला कोणीतरी ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ म्हणत दारात येतो, आणि घरातले लोक त्याला चहा देतात. चहा देऊ नका. खरेच देऊ नका.

खासगी नोकरीत मागणीचे रूप बदलते. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, लॅपटॉपची अनामत, पोलीस पडताळणीचा खर्च, ‘पहिल्या पगारात परत मिळतील’ असे प्रशिक्षण शुल्क. रक्कम पाचशे असो की पन्नास हजार, मागणी आली की उठून यायचे. घरबसल्या व्हिडिओ ‘लाइक’ करण्याचे काम देणारे टेलिग्रामवरचे गट आधी शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात टाकतात. मोठ्या कमाईसाठी आगाऊ रक्कम भरा, ही मागणी नंतर येते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ‘कंपनीच्या व्यवहारासाठी’ तुमचे बँक खाते मागणे. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या घरी येतात.

अपवाद दोन. सरकारी परीक्षेचे शुल्क, तेही अधिकृत संकेतस्थळावरच भरलेले. आणि परदेशी नोकरीसाठी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटचे सेवाशुल्क : जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, पावतीसह. एजंटचे नाव ई-मायग्रेट संकेतस्थळाच्या यादीत नसेल तर पासपोर्ट त्याच्या हाती देऊ नये. थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना सीमा ओलांडून म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले जाते, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच दिला होता. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. पर्यटन व्हिसावर कोणी नोकरीला जात नसतो.

आता पहिला प्रश्न.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, की ही जागा कळली कशी? १९७३ साली निष्कर्ष छापून आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सहांतल्या एकाला ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. कारण सरळ आहे : जिवलग मित्राला तेच ठाऊक असते, जे आपल्याला. म्हणून आयटीआयचे जुने निदेशक, दोन वर्षे पुढे असलेला वाळूजचा मुलगा, मावशीचे शेजारी, यांना फोन करायचा. नोकरीची बातमी सांगणारा माणूस आणि नोकरी विकणारा माणूस यांच्यातला फरक मात्र विसरायचा नाही.

फोनवर बोलायचे काय? ‘काहीही असेल तर बघा, काहीही चालेल’ हे वाक्य कृपा करून टाकून द्या. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच उमगत नाही. ‘सीएनसी टर्निंग येते, सहा महिने चाकणला काम केले, रात्रपाळी चालेल, पुणे किंवा नाशिक’ एवढे सांगितले, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या सुपरवायझरला तेच सांगू शकतो. कामाचे नाव, अनुभव, गाव, पाळी. घरी दोनदा मोठ्याने म्हणून पाहावे.

महास्वयं आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या सरकारी संकेतस्थळांवर नोंदणी करावी. दोन्ही मोफत आहेत. आयटीआय आणि पदविकाधारकांनी अ‍ॅप्रेंटिसशिप कमी लेखू नये. विद्यावेतनही मिळते आणि अनुभवही. बायोडाटा एका पानाचा पुरे.

ऑफर लेटर आले, की कंपनीचे नाव केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आणि भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळांवर शोधावे. मोठ्या कंपनीचे पत्र जीमेलवरून आले असेल तर त्या कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून विचारावे. क्रमांक पत्रावरचा नव्हे, कंपनीच्या संकेतस्थळावरचा. मूळ गुणपत्रिका कुठेही ठेवून येऊ नये. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

आणि ज्यांनी पैसे देऊन टाकले आहेत, तेही आज ऐकत असतील. मुलांनो, घरी सांगा. आईवडिलांनो, त्या वेळी मुलावर ओरडू नका. आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा, कारण लवकर कळवले तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा फोन नंबर आणि सगळे मेसेज जपून ठेवा, काहीही पुसू नका. रोख दिले असतील तर कोणाला, कधी, कोणासमोर दिले, ते आजच कागदावर लिहून काढा आणि तो कागद घेऊन पोलीस ठाण्यात जा.