परदेशी शिकणाऱ्यांच्या जेवणाविषयी दोन शब्द

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे वाढविले आहे.)



मला विषय देण्यात आला तो ‘परदेशातील उच्च शिक्षण’. वास्तविक मी परदेश पाहिलेला नाही. हट्ट्याहून नांदेड, तेथून बी.एड.साठी पुणे आणि परत हट्टा, एवढाच माझा प्रवास. तेव्हा प्रवेश, फी, बँकेचे कर्ज यांविषयी जाणकारांनी बोलावे हे बरे. मी जेवणाविषयी बोलणार आहे. विषय हलका वाटेल. परंतु या एका गोष्टीपायी माझा एक विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून परत येण्याच्या बेतात होता, आणि त्यात थोडा दोष माझाही होता.

हा मुलगा आपल्याच भागातला. वैद्यकीय शिक्षणासाठी तो उझबेकिस्तानात समरकंदला गेला. त्याच्या वडिलांनी त्यापायी दोन एकर हळदीचे रान विकले. अर्ज भरण्यापासून पासपोर्टपर्यंत मी त्याच्याबरोबर होतो; विमानात किती वजन चालते याचीही चौकशी मीच केली. तेथे गेल्यावर खाशील काय, एवढे मात्र विचारले नाही. मुसलमानांचा मुलूख, आपण गोश्त खाणारी माणसे, मग अडचण ती कसली, असे मी धरून चाललो.

तिसऱ्या महिन्यात, ऐन थंडीत, त्याचा फोन आला. “सर, मी परत येतो.” आवाज ओळखू येईना. घरून नेलेले लोणचे, शेंगदाण्याची चटणी आणि दुकानात मिळणाऱ्या पाकिटातल्या शेवया यांवर त्याने दोन-अडीच महिने काढले होते. चालताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचे सांगितले होते.

मी विचारले, “अरे, तिथलं का खात नाहीस?”

“सर, हलाल आहे की नाही, खात्री वाटत नाही.”

“खाणावळवाला कोण आहे?”

“मुसलमानच आहे, सर.”

“मग हराम काय आहे त्यात?”

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “सर, तिखट नसतं. आणि चरबीचा वास येतो.”

वाचकहो, मी हसलो नाही. हसण्यासारखे ते नव्हतेच. पोराने जिभेला न रुचणाऱ्या गोष्टीला धर्माचे नाव दिले होते, आणि हे तो जाणूनबुजून करीत नव्हता. आपण सारेच थोडेफार तसे करतो.

यावर मला एक प्रसंग आठवतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत तो आलेला आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यापुढे एकदा घोरपडीसारख्या वाळवंटी प्राण्याचे भाजलेले मांस आले. कशाचे मांस आहे हे कळताच त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) शेजारी होते. त्यांनी विचारले की हे हराम आहे काय? उत्तर मिळाले ते असे की, नाही; पण आमच्या लोकांच्या भूमीत हे नसते, म्हणून मला नकोसे वाटते. तेव्हा हजरत खालिद यांनी ते पुढे ओढले आणि पैगंबरांच्या देखत खाल्ले. त्या मांसाविषयी पुढे इमामांत मतभेद झाले, तो भाग वेगळा. मला मोल वाटते ते त्या उत्तराचे. न आवडणे म्हणजे न आवडणे; त्याला हराम म्हणण्याची गरज त्यांना पडली नाही.

असो. मी त्या मुलाला एक काम दिले. शाळेत देतो तसा गृहपाठच म्हणा ना. समरकंदच्या बाजारात जा आणि आपल्या घरातले किती शब्द तेथे सापडतात ते लिहून काढ. चार दिवसांनी त्याने यादी पाठविली. मांसाला तेथे गोश्तच म्हणतात. कांदा म्हणजे पियोज. जिरे म्हणजे झिरा. भाकर नव्हे, पण नान तेथे आहेच, त्याला म्हणतात नोन. तंदुरात भाजलेली, मधे ठसा उमटवलेली. रश्शाला शोर्वा, समोशाला सोम्सा, चहाला चोय, ज्या वाटीतून तो पितात ती पियोला. आणि जेवायला अंथरतात तो दस्तुरखोन! आपल्या आजीच्या तोंडचे शब्द हजारो मैलांवर, जरा चेहरा बदलून, बसलेले. एका शब्दाने मात्र त्याची फजिती केली. त्याने सब्जी मागितली आणि दुकानदाराने किलोभर गाजरे तोलून दिली. तेथे सब्जी म्हणजे गाजर.

त्याच गाजरांनी पुढे त्याला तारले. तिकडचा पुलाव (पलोव किंवा ओश म्हणतात) गाजराशिवाय होत नाही. 2016 साली युनेस्कोने या पलोवच्या परंपरेची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली. समरकंदची पद्धत अशी की खाली मांस, वर गाजराच्या लांब फोडी, त्यावर तांदूळ. हे थर कालवायचे नाहीत, वाढतानाही तसेच वाढायचे. मसाला म्हणाल तर जिरे, आणि फार तर लसणाचा अख्खा गड्डा. हळद नाही, मिरची नाही. आमच्या हट्ट्याच्या माणसाला, ज्याच्या आवारात हळद शिजते आणि ज्याच्या ताटात ठेचा असतो, हे अळणीच वाटणार. पण उलट बाजूही पाहा. बाबर त्याच मुलखातला. त्याने आपल्या आठवणींत हिंदुस्थानविषयी तक्रार केली आहे की येथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बाजारात चांगली रोटी नाही. काबूलहून आलेले खरबूज कापताना त्याला रडू आले. एवढा मोठा बादशहा खरबुजासाठी रडला, तर हट्ट्याच्या अठरा वर्षांच्या पोराने ठेच्यासाठी रडू नये असे आपण का म्हणावे?

जपण्याच्या गोष्टी जपाव्यात, याविषयी दुमत नाही. कोल्बासा नावाचे सॉसेज कशाचे आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये. मध्य आशियात घोड्याचे मांसही खातात. त्याविषयी आपल्या फिक्हमध्ये मते वेगवेगळी आहेत, जाण्यापूर्वीच आलिमांना विचारून ठेवावे. परंतु शंका आणि आळस यांत फरक आहे. विचारायला तेथील भाषेतली दोन वाक्ये पुरतात.

आपल्या महाराष्ट्रातून जे पहिलेवहिले गेले त्यांना हे फार जड गेले. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेस निघाल्या, तेव्हा आपला पोशाख आणि शाकाहार सोडणार नाही असे त्यांनी श्रीरामपूरच्या (बंगालमधील) सभेत सांगितले आणि ते पाळले. फिलाडेल्फियाची थंडी, अपुरा आहार, त्यात अभ्यास. मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने वारल्या. जेवणामुळेच त्या गेल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्षयावर त्या काळी औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 चा. तरीही तो आहार आठवला की माझा जीव कळवळतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. वसतिगृहातले अन्न त्यांनाही रुचले नाही. त्यांनी जागा बदलली, अभ्यास नाही. पुढे लंडनमध्ये तर पैशांची इतकी ओढ होती की रात्रीची भूक पापड आणि कपभर दूध यांवर भागवीत, असे चरित्रकार सांगतात. ज्यांनी 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय उघडून आपल्या मराठवाड्यातील मुलांना शिक्षणाची वाट करून दिली, ते हेच.

माझे म्हणाल तर पुणेही मला परदेशच होता. मेसच्या आमटीत गूळ! पहिला आठवडा मी नुसत्या पोळीला मीठ लावून खाल्ले. वाढणाऱ्या मावशींनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काही न विचारता ताटात एक हिरवी मिरची ठेवली. वर्षभर ती मिरची चुकली नाही. महिन्याभरात ती गोड आमटी मी मागून घेऊ लागलो, हे आमच्या घरी अजून कोणाला पटत नाही.

तशी मावशी त्या मुलालाही भेटली. वसतिगृहाजवळ राहणाऱ्या एका म्हातारीने गाजरांची पिशवी घेऊन उभा असलेला हा पोरगा पाहिला आणि घरात बोलावले. लांब फोडी कशा करायच्या, तांदूळ केव्हा घालायचा, हे तिने हातवाऱ्यांनी शिकविले. आज तो तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या ईदला त्याने स्वतः केलेल्या पलोवचा फोटो घरी पाठविला. मी नेमका तेथे बसलो होतो. आईने तो फोटो जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि फोनवर पहिलाच प्रश्न केला, “बेटा, इसमें हल्दी किधर है?”