मनोरुग्णाचें बंधन आणि कायदा

६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे तामिळनाडूंतील एरवाडी येथें मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयस्थानास आग लागली. आंतील रुग्ण साखळदंडांनीं जखडलेले असल्यामुळें त्यांना पळतां आलें नाहीं. २८ जीव गेले. साखळी घालणारा ती सुरक्षिततेच्याच नांवाखालीं घालीत असतो, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

तथापि भ्रमानें वा भीतीनें बेभान झालेला रुग्ण अंगावर धांवून आला, तर परिचारकानें काय करावें? जीव परिचारकालाहि आहे आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णालाहि आहे.

ह्या प्रश्नाचें उत्तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यांत आहे. साखळदंड त्यानें सर्वस्वीं निषिद्ध केला. एकांतकोठडीहि वर्ज्य ठरविली. तत्काळ होऊं घातलेली इजा टाळण्यास दुसरा मार्गच नसेल, तेव्हांच शारीरिक बंधन घालतां येतें. आणि त्यासहि रुग्णाच्या उपचाराची जबाबदारी असलेल्या मनोविकारतज्ज्ञाची अनुमति लागते. गरज सरतांच बंधन सुटलें पाहिजे. त्याचा प्रकार, कारण व अवधि नोंदला पाहिजे आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस २४ तासांच्या आंत कळविलें पाहिजे. शिक्षा म्हणून, धाक म्हणून, किंवा नोकर अपुरे आहेत एवढ्याच कारणास्तव कोणासहि बांधतां येत नाहीं.

ह्यांतील शेवटची अट सर्वांत मोलाची आहे. इंग्लंडांत हॅनवेलच्या इस्पितळांत जॉन कॉनली यांनीं १८३९ सालीं बंधनाचीं साधनें बंद केलीं. त्यांच्या जागीं माणसांची देखरेख आली. दोरीचें काम माणसानें करावयाचें, तर माणसें पुरेशीं व शिकलेलीं हवींत.

शिकलेला परिचारक रुग्णाची वाट अडवीत नाहीं. गर्दी हटवून एकच जण हळू आवाजांत बोलतो; तहान, भूक, वेदना विचारतो. ताप, रक्तांतील साखर उतरणें किंवा दारू अकस्मात् तुटणें यांनींहि माणूस बिथरतो. म्हणून देहाचीहि तपासणी होते. धरावेंच लागलें, तर रुग्णास पालथें पाडून पाठीवर भार देऊं नये. श्वास कोंडून प्राण जाऊं शकतो. श्वास व नाडी यांवर सतत लक्ष हवें.

येरवडा, ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथील सरकारी मनोरुग्णालयांस जो कायदा, तोच खासगी संस्थांस. बंधनाची खबर मिळणें हा प्रतिनिधीचा हक्क आहे. ती न आल्यास त्यानें संकोच न धरतां विचारावी. बांधलेल्या माणसाच्या वतीनें विचारणारा बाहेर कोणीतरी असलाच पाहिजे.