दर सांगण्याआधी खर्च मांडा

२०२३ साली भारतीय सैन्याने जवानांच्या शिध्यात ज्वारी, बाजरी, नाचणीचं पीठ पुन्हा आणलं. गहू-तांदळाच्या वाट्यात २५ टक्क्यांपर्यंत. ज्वारी-बाजरी तर आपल्या बीडची रोजची भाकरी. पण अशा मोठ्या मागणीला दर देताना शेजारच्या गटापेक्षा दोन रुपये कमी, एवढंच बघू नका. ती झाली दराची तुलना. खर्च वेगळा मांडावा लागतो: धान्य, निवडणं, दळण, पोती, गाडीभाडं, परत आलेला माल, बिल निघेपर्यंतचं कर्जाचं व्याज. दर भरताना, माल देताना आणि हिशेब मिटल्यावर, तिन्ही वेळा हे वहीत मांडा. घेणारा दर पाडून मागू लागला, तर कुठवर उतरायचं ते वही सांगेल. आणि बायांनो, आपली मजुरी शून्य धरू नका.