कालवड वयात कधी येते?



गेल्या आषाढातली गोष्ट. आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब चालला होता. एक काकू म्हणाल्या, "ताई, मी कालवड विकून टाकते. तीन वर्षांची झाली, अजून माजावर येत नाही. घरात सगळे तिला वांझ म्हणतात."

हा शब्द निघाला की आमच्यातल्या दोघी-तिघी खाली मान घालतात. का, ते तुम्हाला सांगायला नको. पण मुद्दा पैशाचाही होता. कालवड संकरित, गटाच्या कर्जातून म्हशाच्या यात्रेतून आणलेली. गाभण न राहणाऱ्या कालवडीला गिऱ्हाईक कुठलं? अर्ध्या किमतीत जाणार आणि कर्ज मात्र पूर्ण फेडायचं. मी म्हटलं, थांबा, आधी डॉक्टरांना दाखवू.

डॉक्टरांनी आधी तोंड उघडून दात बघितले. समोरच्या दुधाच्या दातांची एकच जोडी पडून पक्के दात आले होते. ही जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते. म्हणजे विकणाऱ्याने वय वाढवून सांगितलं होतं. मग शिलाईचा टेप मागितला. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर 52 इंच. खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी 42 इंच. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने गुणायचं आणि 660 ने भागायचं. आलं 172 किलो. "हिच्यात दोष नाही," ते म्हणाले, "हिला खायला कमी पडलंय."

कालवडीचं वयात येणं वर्षांपेक्षा वजनावर जास्त अवलंबून असतं. शरीरात पुरेशी चरबी साठली, वाढ झाली, की मेंदूला तसा निरोप जातो. मग मेंदू संप्रेरकं सोडतो, बीजांडकोश जागा होतो आणि पहिलं बीज सुटतं. घरात दाणे नसताना आपण पाहुण्याला जेवायला बोलवत नाही, तसंच हे. चांगली पोसलेली संकरित कालवड वर्ष-दीड वर्षात माजावर येते, गावठी दोन-अडीच वर्षांत. म्हशीच्या पारडीला अडीच-तीन वर्षंही लागतात.

आपल्या भागात उशीर का होतो? आपल्याकडे भात पिकतं आणि जनावराला दावणीत मिळतो पेंढा. पेंढ्याने पोट भरतं, पण त्यात प्रथिनं फार थोडी आणि फॉस्फरसही कमी. त्यात कल्याण-डोंबिवलीचं गिऱ्हाईक जवळ, म्हणून दूध सगळं बाहेर जातं आणि वासराला नुसतं सडाला लावून ओढून घेतात. लहानपणी राहिलेली वाढ पुढे भरून काढायला फार दिवस लागतात. तिसरी गोष्ट जंतांची. भाताच्या खाचरांतल्या गोगलगायींमुळे यकृतात चपटे कृमी होतात. जनावर खातं, पण अंगी लागत नाही.

एक गोष्ट मात्र खाऊ घालून सुटत नाही. गायीला जुळं झालं, एक खोंड आणि एक कालवड, तर ती कालवड बहुतेक वेळा कधीच गाभण राहत नाही. पोटात असतानाच भावाच्या संप्रेरकांचा तिच्यावर परिणाम झालेला असतो. अशी कालवड कर्ज काढून घेऊ नका.

म्हशीचं वेगळं. तिचा माज मुका असतो, बऱ्याचदा रात्री येऊन जातो. पारडी वयात आलेली असते आणि आपल्याला पत्ता नसतो. पावसाळा सरला की थंडीपर्यंत पहाटे आणि रात्री झोपण्याआधी एक फेरी मारा. चिकट, काचेसारखं पाणी तारेसारखं लोंबताना दिसलं की समजा.

शेळीच्या बाबतीत तक्रार उलटी. पाठ सहा-आठ महिन्यांतच माजावर येते आणि बोकड तर त्याहून लवकर अंगावर चढायला लागतो. आमच्या एका वहिनींची सात महिन्यांची पाठ सख्ख्या भावापासूनच गाभण राहिली. विताना करडू अडकलं, पाठही गेली. तेव्हापासून आमच्या गटात नर करडं तीन-चार महिन्यांची झाली की वेगळी बांधतात. पाठ दहा-बारा महिन्यांची झाल्यावर, मोठ्या शेळीच्या दोन तृतीयांश वजनाची भरली, तरच बोकड दाखवायचा.

काकूंच्या कालवडीला जंताचं औषध दिलं. रोज दोन किलो खुराक, 30 ग्रॅम खनिज मिश्रण, बांधावरचा सुबाभूळ आणि शेवग्याचा पाला सुरू झाला. खुराकाला पैसे लागणार म्हणून गटाने दोन हप्ते पुढे ढकलले. यावर बैठकीत भांडण झालं, ते वेगळं सांगेन कधीतरी. दर महिन्याच्या बैठकीआधी काकू माप घेऊन यायच्या.

कार्तिकात एके सकाळी फोन. कालवड रात्रभर हंबरत होती, दुसऱ्या गायीवर उडत होती. घरचे म्हणाले, आजच भरवून घ्या. माप विचारलं, तर घेर 56, लांबी 44, म्हणजे 209 किलो. मी म्हटलं, काकू, मुलीला पाळी आली म्हणून लगेच लग्न लावतो का आपण? संकरित कालवड अडीचशे किलोच्या आसपास भरावी, मगच भरवावी. नाहीतर विताना त्रास, दूध कमी आणि पुन्हा माजावर यायला उशीर. अडीचशे म्हणजे घेर 60 आणि लांबी 46. शिलाईचा टेप 60 इंचांचाच असतो, त्यामुळे तो छातीभोवती पुरेनासा होईपर्यंत वाट बघायची, एवढं त्यांनी लक्षात ठेवलंय.

माज साधारण 21 दिवसांनी परत येतो. काकूंनी कॅलेंडरवर तारखेला लाल गोल केलाय. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यायचं. तुमच्याकडेही एखादी कालवड अडली असेल तर विकण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. जाताना टेपने घेतलेलं माप लिहून न्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.