आधी काटा शून्यावर आहे का बघा

आदरणीय बाई, सर आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आयोजकांनी बजावलं होतं, "पाच मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको." म्हणून गाडीवर बोलते. माझ्या बाबांची बिस्किटी रंगाची प्रीमियर पद्मिनी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. पावसात आपण आठ-आठ जण तिच्यात कोंबून घरी गेलोय, आणि बंद पडल्यावर ती ढकललीही आहे.

बाबा गेल्यावर ती पाच वर्षं ताडपत्रीखाली होती. दोन वर्षांपूर्वी मी ती पुण्याला नेली. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन. बाबांनी पूर्वीच हेड घासून कॉम्प्रेशन वाढवून घेतलं होतं. मी वेगळ्या घडणीचा कॅमशाफ्ट आणि नवी टायमिंग चेन घातली, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. सगळं सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातांनी. इंजिनिअरिंगची डिग्री आहे, पुस्तक समोर आहे, मग अवघड काय, असं वाटत होतं.

इंजिन सुरू झालं, पण गाडी ओढेना. सायलेन्सरमधून फटाके, आणि खंबाटकी घाटात पाणी उकळायला लागलं. ही लक्षणं ठिणगी उशिरा पडत असल्याची. मी टायमिंग लाइट लावून बघितलं, तर ठिणगी पुस्तकात दिलेल्या अंशावर पडत होती. डिस्ट्रिब्युटर कानाच्या अंदाजाने थोडा फिरवला की इंजिन खुलायचं. पण लाइट दाखवायचा की ठिणगी आता फारच लवकर पडतेय. पिस्टन जळेल या भीतीने मी तो परत जागेवर आणायचे. कार्ब्युरेटर दोनदा खोलला, कॉइल बदलली, प्लग बदलले. तीन महिने गेले.

शेवटी मी गाडी टेम्पोवर घालून साताऱ्याला, आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या गॅरेजात आणली. दहावीनंतर त्याने आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याने माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "पुलीवरची खूण खरी आहे का, हे बघितलंस?"

ज्यांनी इंजिन उघडून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ठिणगी कधी पडायची आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचे, हे दोन्ही हिशेब पिस्टन अगदी वर पोचतो त्या क्षणापासून मोजतात. पिस्टन आत असतो, बाहेरून दिसत नाही. म्हणून पुढच्या पुलीवर त्याची खूण असते, आणि आपण त्या खुणेवर विश्वास ठेवतो.

त्याने चारही प्लग काढले. एक नंबरच्या सिलेंडरमध्ये, पिस्टनला वर पोचण्याआधी अडवेल असा बोल्ट बसवलेला जुना प्लग आटला. मग पान्याने, अगदी हळू, इंजिन एका बाजूला फिरवलं. पिस्टन अडला तिथे पुलीवर खडूची रेघ मारली. उलट फिरवलं, पुन्हा अडला, दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये पिस्टनची खरी वरची जागा. जुनी खूण तिथून सतरा मिलिमीटर लांब होती, म्हणजे त्या पुलीवर चौदा अंश. ती पुली मुळात या इंजिनाची नव्हतीच. कधीतरी कुणीतरी दुसऱ्या गाडीची बसवली होती.

मी दहा अंश आधी म्हणून लावलेली ठिणगी प्रत्यक्षात चार अंश उशिरा पडत होती. एवढ्यावर भागलं नव्हतं. नव्या चेनच्या दातेरी चक्रांवर खुणा नव्हत्या, म्हणून कॅमही मी पुलीची तीच खूण धरून बसवला होता. त्याने कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलेंडरमध्ये सारखंच, शंभरच्या आसपास पीएसआय. एखादाच कमी असता तर रिंग किंवा व्हॉल्व्हचा संशय घेता आला असता. चारही सारखे कमी, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा मिटतायत. पुढचं कव्हर उघडलं. चेन एक दात मागे. ती नीट चढवल्यावर आकडा एकशे पंचेचाळीसवर गेला.

माझ्या कामातही हे घडतं. प्रोग्राम आणि त्याची चाचणी, दोन्ही एकाच चुकीच्या गृहीतकावर उभी असली की सगळं बरोबरच दिसतं.

मी त्याला विचारलं, हे तुला सुचलं कसं? तो म्हणाला, "बाई नाही का सांगायच्या, वजन अडकवण्याआधी ताणकाटा शून्यावर आहे का बघा म्हणून."

आणि मला नववीतला प्रयोग आठवला. बाई, आमच्या गटाची सगळी निरीक्षणं चुकली होती. याने नीट वाचली नाहीत, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही त्याला तासभर बाहेर उभं केलंत. काटा शून्यावर आणायचं काम माझं होतं, आणि ते मी केलं नव्हतं. मला हे तेव्हाच कळलं होतं. पण मी वर्गात पहिली येणारी मुलगी. माझं खरं धरलं गेलं. त्याचं तपासावं असं कुणाला वाटलं नाही.

गॅरेजात मी त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "अगं, मी विसरलोही होतो." तो विसरला नसावा. या मेळाव्याला यायलाही तो तयार नव्हता. "तिथे माझं काय काम," म्हणत होता. चूक सगळ्यांसमोर झाली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. बाई, त्या दिवशी त्याने निरीक्षणं अगदी बरोबर वाचली होती.

तो आजही शेवटच्या रांगेत बसलाय. पद्मिनी बाहेर उभी आहे. यंदा खंबाटकी ती एका दमात चढली. जाताना कुणाला घरी सोडायचं असेल तर सांगा. या वेळी ढकलावी लागणार नाही.