कोरियात जाणाऱ्याने काय पाहावे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या एका जुन्या कार्यकर्त्याची मुलगी पुणे जिल्ह्यातील एका कोरियन कंपनीच्या कारखान्यात नोकरीस आहे. तिला सात महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण कोरियात जायचे आहे. मी त्या देशात काही आठवडे काढले आहेत हे कळल्यावरून ती मला भेटावयास आली आणि तिने साधा प्रश्न विचारला, "सर, तिथे रोजचे जगणे कसे असते? काय अपेक्षा ठेवून जाऊ?" तिच्याबरोबर तिचे मामा आले होते. मी तोंड उघडण्यापूर्वीच ते म्हणाले, "शिस्त, दुसरे काय! तिथे लोक मुकाट राबतात, संप करीत नाहीत, म्हणून तो देश पुढे गेला." मुलीला मी जे सांगितले ते, आणि मामांना त्या दिवशी जे पुरते सांगता आले नाही ते, अशी दोन्ही उत्तरे आज आपल्यापुढे मांडणार आहे.

सोल शहरात उतरलेल्या माणसाच्या प्रथम नजरेत भरते ती सार्वजनिक वाहतूक. एकच कार्ड बसला चालते आणि भुयारी रेल्वेलाही चालते. एका वाहनातून उतरून अर्ध्या तासाच्या आत दुसरे पकडले, तर नव्याने पूर्ण भाडे भरावे लागत नाही. डब्याच्या टोकांची आसने वृद्धांसाठी राखीव असतात आणि गर्दी असली तरी तरुण मंडळी त्यांवर सहसा बसत नाहीत. पासष्ट वर्षांवरील नागरिकांना भुयारी रेल्वेचा प्रवास १९८४ पासून मोफत आहे. हे सारे पाहून कोणीही म्हणेल, की या लोकांच्या रक्तातच शिस्त आहे. परंतु २००४ पूर्वी याच शहरात खासगी बसमालकांच्या गाड्या उतारू पळविण्यासाठी एकमेकींशी शर्यत लावीत असत. त्या वर्षी महानगर शासनाने मार्ग, वेळापत्रक आणि भाडे आपल्या हाती घेतले. मालकांना उतारूंच्या संख्येवर पैसे न देता बस किती किलोमीटर धावली त्यावर देण्याची पद्धत सुरू झाली, आणि येणारी तूट सार्वजनिक तिजोरीतून भरली जाऊ लागली. चालक तेच होते, रस्तेही तेच होते. शर्यत लावण्याचे कारण तेवढे उरले नाही.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. रस्त्यावर कचरापेटी क्वचितच आढळते. खाऊचा कागद खिशात घेऊन मी कित्येकदा मुक्कामापर्यंत परतलो आहे. १९९५ पासून तेथे प्रत्येक कुटुंबाला आपला कचरा स्थानिक प्रशासनाने ठरवून दिलेल्या पिशवीतच टाकावा लागतो आणि ती पिशवी विकत घ्यावी लागते. कागद, काच, धातू वेगळे करून दिले तर त्यांचे पैसे पडत नाहीत. खरकटे अन्न थेट जमिनीत पुरण्यास २००५ पासून बंदी आहे. किमतीचा वर्तनावर होणारा परिणाम मी आयुष्यभर फळ्यावर आकृत्या काढून शिकविला. तो एखाद्या इमारतीच्या मागील दारी, संध्याकाळी पिशव्या घेऊन उतरणाऱ्या गृहिणींकडून अधिक चांगला शिकता येतो.

आता जेवणाविषयी. साध्या खानावळीत एक पदार्थ मागविला की त्याबरोबर चार-पाच लहान वाट्या येतात : किमची, मोड आलेले कडधान्य, पालेभाजी, समुद्री शेवाळ. त्यांचे वेगळे पैसे नसतात, संपल्यास पुन्हा मिळतात. पाणी फुकट असते. बक्षिसी देण्याची रीत नाही. भात चमच्याने खातात आणि बाकीचे पदार्थ धातूच्या काड्यांनी उचलतात. त्या हातातून निसटतात, पण आठवड्यात सवय होते. शाकाहारी माणसाची मात्र परीक्षा असते, कारण किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा अर्क असतो आणि निव्वळ भाज्यांच्या दिसणाऱ्या रश्श्यातही सुक्या मासळीचे पाणी असते. बौद्ध विहारांतील भोजन तेवढे निर्धास्तपणे करावे. आणखी एक गंमत सांगतो. वाढणाऱ्या प्रौढ बाईंना गिऱ्हाईक 'इमो' म्हणून हाक मारतात. या शब्दाचा अर्थ मावशी. आपल्या खानावळींतही हीच हाक असते. नाते जोडून श्रमाला थोडा मान द्यावयाचा आणि मोबदल्याचा विषय टाळावयाचा, ही कला दोन्ही देशांना अवगत आहे!

ओळख होताच तेथील लोक वय विचारतात. ही नसती चौकशी समजू नये. समोरचा थोरला की धाकटा यावर त्यांच्या क्रियापदाचे रूप ठरते. तू, तुम्ही आणि आपण यांत वाढलेल्या मराठी माणसाला हे सहज उमगावे. जन्मताच मूल एक वर्षाचे धरून दर नववर्षी वय वाढविण्याची जुनी रीत होती. शासकीय व्यवहारात सर्वत्र जन्मतारखेप्रमाणेच वय धरावे, हा कायदा २०२३ च्या जूनमध्ये अमलात आला. वडीलधाऱ्यांना वस्तू देताना-घेताना दोन्ही हात वापरतात. लिपी मात्र सोपी आहे. राजा सेजोंग याने १४४६ मध्ये ती प्रजेसाठी जाहीर केली. आज तिची मूळ अक्षरे चोवीस आहेत. मुलीला मी सांगितले, की चार दिवस खर्चून ती शिकून जा. फलक वाचता येऊ लागले की परक्या गावाची भीती निम्मी होते.

घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढावयाची. जमीन खालून तापविलेली असते. उणे दहा अंशांच्या हिवाळ्यात त्या उबदार जमिनीवर मांडी घालून बसण्याचे सुख अनुभवण्यासारखे असते. देशातील निम्म्याहून अधिक घरे उंच इमारतींतील सदनिका आहेत. भाड्याची एक पद्धत मुंबईकरांना ओळखीची वाटेल. घराच्या किमतीच्या निम्मी किंवा त्याहूनही अधिक रक्कम मालकाकडे अनामत ठेवावयाची, मासिक भाडे द्यावयाचे नाही, आणि दोन वर्षांनी रक्कम परत घ्यावयाची. आपण याला 'हेवी डिपॉझिट' म्हणतो, ते 'चॉन्से' म्हणतात. घरांच्या किमती घसरल्या आणि व्याजदर चढले तेव्हा कित्येक मालकांना ही रक्कम परत करता आली नाही, काहींची तर मुळात करण्याची इच्छाच नव्हती. फसलेल्या तरुण भाडेकरूंपैकी काहींनी आत्महत्या केल्या. २०२३ साली त्यांच्या रक्षणासाठी खास कायदा करावा लागला. ज्यांच्याजवळ अनामतीचीही ऐपत नाही ते अर्ध्या तळघरांतून राहतात. २०२२ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत सोलमधील अशाच एका तळघरात एक कुटुंब बुडून मेले. उंच इमारतींकडे पाहत चालणाऱ्या प्रवाशाने पायाच्या पातळीवरच्या त्या खिडक्यांकडेही पाहावे.

शहराला लागून डोंगर आहेत. बुखानसान हे राष्ट्रीय उद्यान सोलच्या हद्दीतच सुरू होते. रविवारी साठी-सत्तरीतील स्त्रीपुरुष पाठीवर पिशव्या घेऊन चढताना दिसतात. हे गर्द डोंगर १९५३ साली युद्ध थांबले तेव्हा बव्हंशी उघडे होते. सरपणासाठी झाडे तुटली होती. कोळशाच्या विटा घरोघर पोहोचल्या आणि १९७३ पासून गावोगावच्या लोकांकडून लागवड करून घेण्यात आली, तेव्हा ते पुन्हा झाकले. ही मोहीम पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीत झाली, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कुळांना जमीन देणारा कायदाही उजव्या विचारांच्या सिंगमन री यांच्या सरकारनेच १९४९-५० मध्ये केला. तीन हेक्टरांची मर्यादा घातली आणि जमीनदारांना वर्षाच्या पिकाच्या दीडपट एवढीच भरपाई ठरविली. उत्तरेत आधीच जमीनवाटप झाले होते, त्याचा धाक होता. आरोग्यविमा १९७७ साली मोठ्या कारखान्यांपासून सुरू झाला आणि १९८९ पर्यंत सर्व नागरिकांपर्यंत पोहोचला. आज सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी व्यक्तीलाही त्यात सहभागी व्हावे लागते. आपल्या मुलीलाही तो लागू होईल.

आता मामांच्या मुद्द्याकडे वळतो. सोलच्या मध्यातून चंग्येचन नावाचा ओढा वाहतो. त्यावर एकेकाळी उन्नत महामार्ग होता. तो पाडून २००५ मध्ये ओढा मोकळा केला. सर्व प्रवासी तेथे जातात, काठावर बसून छायाचित्रे काढतात. त्याच ओढ्यावरील एका पुलावर एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. चॉन ते-इल हे त्याचे नाव. शेजारच्या प्योंगह्वा बाजारात तो कापड बेतण्याचे काम करी. तेथे ताठ उभे राहता येणार नाही अशा माळ्यांवर कोवळ्या वयाच्या मुली दिवसाचे चौदा-पंधरा तास शिवणकाम करीत. बसच्या भाड्याचे पैसे त्यांच्या खाऊवर खर्चून हा मुलगा पायी घरी जाई. देशात १९५३ पासून कामगारांसाठी कायदा आहे हे त्याला उशिरा कळले. तो वाचून समजावून देणारा एखादा महाविद्यालयीन मित्र आपल्याला असता तर, अशी खंत तो व्यक्त करी. हे वाक्य माझ्यासारख्या प्राध्यापकाच्या जिव्हारी लागते. त्याने अर्ज केले, पाहण्या केल्या, काही झाले नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी बाविसाव्या वर्षी त्याने स्वतःला पेटवून घेतले. कायदा पाळा, आम्ही यंत्रे नाही, एवढीच त्याची मागणी होती. त्याची आई यी सो-सन पुढे चाळीस वर्षे कामगारांची आई म्हणून वावरली. २०११ साली ती वारली.

१९८७ च्या जूनमध्ये जनतेने लष्करशहांना थेट निवडणूक मान्य करावयास लावली आणि त्याच उन्हाळ्यात उल्सानच्या कारखान्यांतून संपांची लाट उसळली. त्या वर्षी देशात तीन हजारांहून अधिक संप व कामगार तंटे झाले. पुढील काही वर्षांत वेतन झपाट्याने वाढले, आणि पाच दिवसांचा आठवडा २००४ पासून टप्प्याटप्प्याने आला. २०१८ च्या कायद्याने आठवड्याची कमाल मर्यादा, जादा काम धरून, बावन्न तासांवर आणली. तेव्हा 'तेथे संप करीत नाहीत' हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही.

हे सारे मिळविल्यानंतरही तेथे स्वर्ग अवतरलेला नाही. पहाटे बाहेर पडल्यास पुठ्ठ्यांनी लादलेली हातगाडी ओढणारी वाकलेली म्हातारी माणसे दिसतील. निवृत्तिवेतनाची योजना १९८८ साली उशिरा सुरू झाली. देश ज्यांनी उभारला त्या पिढीच्या हाती तीतून फारच थोडे आले. पासष्टीपुढील सुमारे ४० टक्के लोक सापेक्ष दारिद्र्यात आहेत. रात्री मागविलेली वस्तू सकाळी दाराशी येते, पण २०२० च्या साथीत अशा वस्तू पोहोचविणारे डझनाहून अधिक कामगार मेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा दोष अतिश्रमाला दिला. २०२४ च्या जूनमध्ये ह्वासोंग येथील बॅटरीच्या कारखान्यात आग लागून तेवीस कामगार गेले. त्यांतील बहुतेक स्थलांतरित होते. २०२३ साली तेथील जननदर दर स्त्रीमागे ०.७२ इतका खाली उतरला. मुले का नकोत, याचे उत्तर घराच्या अनामतीत, शिकवण्यांच्या खर्चात आणि कामाच्या तासांत शोधावे लागेल.

सीमा सोलपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. भुयारी स्थानकांत वायुरोधक मुखवट्यांची कपाटे दिसतात. गणवेशातील कोवळी मुले रेल्वेत झोपलेली दिसतात, कारण सक्तीची लष्करी सेवा दीड वर्षाची आहे. युद्धविरामानंतर युद्धकैद्यांच्या रखवालीस भारतीय सैन्य गेले होते आणि त्याचे नेतृत्व कोल्हापूरकडील जनरल थोरातांकडे होते, याची आठवण आपण ठेवावी. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला तेव्हा नागरिक थंडीत संसदेपुढे धावले, आणि पहाटेपूर्वी १९० सदस्यांनी एकमताने तो रद्द ठरविला. एप्रिल २०२५ मध्ये यून पदच्युत झाले. मामांनी ज्यांना मुकाट म्हटले ते हे लोक.

त्या मुलीला मी शेवटी एवढेच सांगितले : जाडे कपडे घे, लिपी शिक, थोरांपुढे दोन्ही हात कर, आणि एखादा रविवार चंग्येचनच्या त्या पुलासाठी राखून ठेव. तेथून थोडे पुढे चांगसिन भागातील चढणीवर आजही लहान शिवणशाळा चालतात, कापडाचे गठ्ठे मोटारसायकलींवरून जातात. तेथे पाच मिनिटे उभी राहा.

ती वहीत लिहून घेत होती. मामांनी विचारले, "पुलाचे नाव काय म्हणालात?" मी ते त्यांना पुन्हा सांगितले. आपणही लिहून घ्यावे : चॉन ते-इल पूल.